माशी, मासा आणि धाकटा भाऊ

मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. मासा आणि माशी हे दोन शब्द तिने इतके जवळ आणून बसवले आहेत की, ऐकणाऱ्याला ती एकाच घरातली भावंडे वाटावीत. प्रत्यक्षात आपल्याकडे या दोघांची गाठ पडते ती बाजारात, कोळणीच्या पाटीपाशी. आणि तीही माशाच्या मरणानंतर! परंतु जगाच्या पाठीवर काही डोंगराळ मुलूख असे आहेत की, तेथे या दोघांचे नाते जन्ममरणाचे आहे. पिसांची खोटी माशी करून तिने खरा मासा धरणे ही तेथली जुनी विद्या. इंग्रजीत या विद्येवर १४९६ साली छापलेला निबंध आजही उपलब्ध आहे, आणि तेव्हापासून या विषयावर जी पुस्तके निघाली त्यांनी एखाद्या बऱ्यापैकी ग्रंथालयाची एक भिंत सहज भरेल.

त्या भिंतीवरची बहुतेक पुस्तके गळवाल्यांनी गळवाल्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यांच्याशी तुम्हां-आम्हांला कर्तव्य नाही. पण त्यांतले एक लहानसे पुस्तक मी गेल्या काही वर्षांत तीनदा वाचले. शब्दकोश शेजारी ठेवून, मॅट्रिकच्या इंग्रजीला जेवढा वेग असतो तेवढ्या वेगाने. नॉर्मन मॅक्लेन या लेखकाचे ते पुस्तक. 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हे त्याचे नाव. १९७६ साली ते प्रसिद्ध झाले. या पुस्तकाची स्तुती करण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. "वरवर पाहता हे मासेमारीचे पुस्तक आहे, पण खरे पाहता ते मासेमारीचे नाहीच," असे म्हणायचे आणि मग जीवन, नियती, कुटुंब या मोठ्या शब्दांकडे वळायचे. मला हे मान्य नाही. या पुस्तकातून मासेमारी काढून घेतली, तर मागे जे उरेल ते कोणत्याही दैनिकाच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असेल. लेखकाला जे सांगायचे आहे ते काठी, दोरी, पाणी आणि माशी यांच्यावाचून सांगताच आले नसते, असे माझे म्हणणे आहे. आणि ते पटवून द्यायचे तर आधी थोडी मासेमारी सांगणे भाग आहे. वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता एवढे सोसावे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. नुसते थंड पाणी त्याला पुरत नाही. ते वाहते, निर्मळ आणि प्राणवायूने भरलेले हवे. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या पावसाळ्यात त्याला भुलवतील, पण चैत्र-वैशाखात त्यांचे डोह तापले की, तो तेथे तग धरणार नाही. मरळ आणि वाम यांचा तो संसार आहे. काश्मीरला जाऊन आलेल्या मंडळींनी मात्र लिद्दर नदीच्या काठी पहलगामला हा मासा पाहिला असेल, कदाचित चाखलाही असेल. तो तेथला मूळचा रहिवासी नव्हे. साहेबाने आपला विरंगुळा आपल्याबरोबर आणला, त्यातलाच हा एक पाहुणा. १८९९ साली विलायतेहून आणवलेली त्याची अंडी वाया गेली. पुढच्या वर्षी आलेली जगली. आणि श्रीनगरजवळ हारवन येथे त्यांची पैदास सुरू झाली. कुलूच्या खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरीवरही तो असाच वसवला गेला.

नदीत ट्राउट इकडे तिकडे भटकत नाही. दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून, तो जागच्या जागी तरंगत राहतो. अन्न प्रवाहच आणून देतो. नदीकाठचे किडे, माश्या, त्यांच्या अळ्या वाहत येतात आणि तो त्या टिपतो. यांतली एक नाजूक माशी तर अशी आहे की, पाण्याखाली अळीच्या रूपात ती वर्षभर राहते आणि पंख फुटून वर आली की, एखादा दिवस जगते. अशा माश्यांचे थवे पाण्यावर उतरले की, ट्राउट दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. तेव्हा गळवाला काय करतो? बारीकशा गळावर कोंबड्याच्या मानेचे पीस आणि रेशमाचा धागा गुंडाळून त्या दिवशीच्या, त्या घटकेच्या माशीची हुबेहूब नक्कल तयार करतो. आता ती माशाच्या तोंडाशी पोचवायची. खरी अडचण येथे आहे.

कोकणात पोरे गरी टाकतात तेव्हा आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला वजन असते. ते वजन दोरीला ओढत नेते. पिसाच्या माशीला वजनच नाही. ती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून येथे दोरीच जड असते. माशी नव्हे, दोरी फेकायची. ती आधी डोक्यावरून मागे उडवायची, मागे ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे, आणि मग पुढे. हे थांबणे म्हणजेच सारी विद्या. नवखा माणूस थांबत नाही. पाठीमागे दोरी अजून वळणात असतानाच तो हात पुढे ओढतो, आणि दोरी चाबकासारखी कडाडून माशी तुटून जाते, नाही तर मागच्या झुडपात अडकते. पाठीमागे डोळे नसताना पाठीमागचे कळावे लागते.

मॅक्लेनच्या कथेतला बाप पाद्री आहे, स्कॉटिश वळणाचा प्रेस्बिटेरियन. अमेरिकेच्या वायव्येस माँटाना प्रांतात, मिसूला गावी त्याचे चर्च. दोन मुलगे, थोरला नॉर्मन, म्हणजेच निवेदक, आणि त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असा पॉल. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात लेखकाने धर्म आणि माशीची मासेमारी यांना एका पंक्तीला बसवले आहे. आणि ते थट्टेने नव्हे. माणूस हा मुळात पतित आहे, ही या बापाची श्रद्धा. तेव्हा निसर्गतः तो काठी चुकीचीच चालवणार, हेही ओघाने आलेच! या पतिताचा उद्धार व्हायचा तर त्याने ताल शिकला पाहिजे. घरच्या पियानोवरचे ताल मोजायचे यंत्र आणून बाप मुलांना चार मात्रांत काठी चालवायला शिकवतो. घड्याळाच्या दहाच्या काट्यापासून दोनच्या काट्यापर्यंत, त्याच्या पलीकडे नाही. चांगली गोष्ट ईश्वरी कृपेने मिळते, कृपा कलेवाटे येते आणि कला सहजासहजी येत नाही, असा त्याचा सिद्धांत. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत यापेक्षा वेगळे काय शिकवतात? परंतु आपल्या गवय्याचा मुलगा बेताल झाला तर तो फार तर बेसूर गाईल. येथे तालाशी मोक्ष बांधला गेला आहे. आणि कथेचा सगळा पेच असा की, ज्या मुलाच्या हाती हा ताल परिपूर्ण उतरला, त्याच मुलाचा उद्धार काही झाला नाही.

धाकटा पॉल हा वार्ताहर आहे. हेलेना या गावी वर्तमानपत्रात नोकरी, रात्री जुगार, वर दारू. देणे फार झालेले. भांडखोर आणि देखणा. मदत मागायची नाही आणि कोणी देऊ केली तर विनोदावर न्यायची, असा स्वभाव. पण नदीत उतरला की, हा माणूस दुसराच होतो. माशी पाण्याला टेकू न देता तो ती पुनःपुन्हा पाण्यालगत फिरवतो, इतकी की वर माशांचा थवा आला आहे असे खालच्या माशाला वाटावे. आणि मग एकदाच ती टेकवतो. हे वर्णन मॅक्लेन पानभर करतो. दोरीची वेटोळी, तिच्यावरून उडणारे तुषार, त्या तुषारांवरचे ऊन. वाचताना आपण थोरल्या भावाच्या जागी उभे असतो. आणि थोरला भाऊ त्या वेळी जे पाहत असतो ते त्याचे आयुष्यातले सर्वांत मोठे सुख असते. तोंडाने तो भावाला कधी "तू मला प्रिय आहेस" असे म्हणत नाही. त्या घरातले पुरुष तसे बोलणारेच नव्हेत. (आपल्या घरांतले तरी कुठे असतात?) त्याऐवजी तो भावाच्या मनगटाचे वर्णन करतो. एवढे अचूक, एवढे बारकाईचे वर्णन माणूस कोणाचे करील? ज्याच्यावरून त्याची नजर हलत नाही, त्याचेच. म्हणून मी म्हणतो की, या पुस्तकातली मासेमारी ही कशाचे प्रतीक नाही. बोलता न येणाऱ्या माणसांची ती बोली आहे.

या बोलीचे महत्त्व लक्षात यावे म्हणून दुसऱ्या दोन लेखकांकडे वळतो. पहिला आयझॅक वॉल्टन. 'द कम्प्लीट अँगलर' हा त्याचा ग्रंथ १६५३ सालचा. इंग्लंडात यादवी युद्ध होऊन राजाचा शिरच्छेद झाला होता, क्रॉमवेलचा अंमल होता; आणि अशा वेळी साठीला टेकलेला हा राजनिष्ठ कापडव्यापारी गळवाला, शिकारी आणि पक्षी पाळणारा यांच्या निवांत गप्पा लिहीत बसला. वाटेत गवळणी भेटतात, गाणी म्हटली जातात, सराईत धरलेला मासा शिजतो. वॉल्टनची गोडी संभाषणाची आहे. मासा निमित्त. माशीच्या विद्येत तो स्वतः तितकासा मुरलेला नव्हताच. तो मुख्यतः गांडुळासारख्या जिवंत आमिषाचा भोक्ता. म्हणून १६७६ सालच्या पाचव्या आवृत्तीत डव्ह नदीकाठी राहणाऱ्या चार्ल्स कॉटन या तरुण मित्राने माशीच्या मासेमारीवर स्वतंत्र भाग लिहून तो जोडला. मॅक्लेनच्या कथेत यावर एक झकास चिमटा आहे. बापाने वाचायला दिलेला वॉल्टन लहानग्या पॉलच्या पसंतीस उतरत नाही; कारण हा गृहस्थ दुसऱ्या पंथाचा, आणि त्यातून आमिष वापरणारा! हसू येते, पण त्यात एक टीकाही दडली आहे. वॉल्टनच्या नदीत कोणी बुडत नाही. त्याच्या पुस्तकात संध्याकाळी सगळे सुखरूप सराईत परततात. मला वॉल्टन आवडतो, पण दिवाळीच्या फराळासारखा. रोजच्या भुकेला तो पुरणार नाही.

दुसरा हेमिंग्वे. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' मुळे मराठी वाचकाला त्याचा समुद्र आणि म्हातारा कोळी परिचित आहे. परंतु त्याची नदीही पाहण्यासारखी आहे. 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही त्याची दोन भागांची कथा १९२५ सालची. निक नावाचा तरुण मिशिगनमधल्या एका जळून गेलेल्या गावाजवळ आगगाडीतून उतरतो, एकटाच तंबू ठोकतो, जेवण करतो, सकाळी दवाने जडावलेले नाकतोडे गोळा करतो आणि ट्राउट धरतो. गोष्ट एवढीच. तो युद्धातून होरपळून आला आहे हे कथेत कोठेही सांगितलेले नाही. तंबूचे खुंटे किती खोल ठोकले हे मात्र सांगितले आहे. म्हणजे येथेही हातांचे काम आहे, आणि तेही तितकेच काटेकोर. फरक असा की, निकच्या हातांचे काम मनाला गप्प बसवण्यासाठी आहे. हातांनी थांबू नये, नाही तर मन सुरू होईल! मॅक्लेनच्या कथेत ते उलट आहे. तेथे हात बोलतात आणि समोर ऐकणारा कोणी असतो. हेमिंग्वेची नदी एकट्याची, मॅक्लेनची घरातल्या तिघांची. कुटुंबवत्सल मराठी वाचकाला दुसरी अधिक जवळची वाटेल, असा माझा अंदाज आहे.

आता ती चार ओळींची बातमी. १९३८ साली शिकागोत पॉल मॅक्लेनचा खून झाला. त्याला मारहाण करून एका गल्लीत टाकून दिले होते. मारेकरी सापडले नाहीत. नॉर्मन मॅक्लेन त्या वेळी शिकागो विद्यापीठात इंग्रजीचा अध्यापक होता. पुढे तो तेथेच १९७३ मध्ये निवृत्त झाला, आणि तेव्हा कुठे, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने ही कथा लिहायला घेतली. एका प्रकाशकाने कथांत झाडे फार आहेत अशा अर्थाचा शेरा मारून हस्तलिखित परत केले म्हणतात! शेवटी त्याच्याच विद्यापीठाच्या मुद्रणालयाने, तोवर एकही नवी ललितकृती काढलेली नसताना, ते छापले. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याची शिफारस केली. वरच्या मंडळाने त्या वर्षी कादंबरीला पारितोषिकच दिले नाही. असो. पारितोषिकांच्या कथा आपल्याकडेही कमी रंजक नाहीत.

लेखकाने काय केले पाहा. खून शिकागोहून उचलून माँटानात आणला, आणि १९३७ च्या उन्हाळ्यातली ती शेवटची मासेमारी खुनाच्या अगदी अलीकडे आणून ठेवली. यात फसवणूक नाही. कथेतला बापच एके ठिकाणी थोरल्या मुलाला सुचवतो की, खऱ्या गोष्टी सांगून झाल्यावर एखादी रचलेली गोष्टही सांग. काय घडले आणि का घडले हे मग उमगेल. मुलाने बापाचे अर्धेच ऐकले. गोष्ट रचली, पण 'का' ला उत्तर रचले नाही. कोणी मारले, कशासाठी मारले, जुगाराचे देणे होते की दुसरे काही, यातले काहीही तो सांगत नाही. मृत्यूला त्याने दीड-दोन पानेच दिली आहेत. पहाटे पोलीस अधिकारी उठवायला येतो. मग थोरला मुलगा आई-बापांना सांगायला निघतो. आई ऐकून घेते आणि आपल्या खोलीत जाते. त्या मुलाविषयी ती पुन्हा कधी प्रश्न विचारत नाही. बाप काही वेळाने विचारतो, आणखी काही सांगण्यासारखे आहे का? मुलगा सांगतो की, हाताची जवळजवळ सगळी हाडे मोडलेली होती. बाप दारापर्यंत जातो, परत येतो आणि विचारतो, कोणत्या हाताची?

उजव्या.

या एका प्रश्नासाठी आधीची सगळी पाने लिहिली गेली आहेत. दहा ते दोनच्या दरम्यानचा तो ताल, ते थांबणे, ते मनगट, दोरीवरचे तुषार, हे सारे ज्या वाचकाने मन लावून वाचले आहे, त्यालाच त्या प्रश्नाचा घाव बसेल. मासेमारीची पाने कंटाळवाणी म्हणून ज्याने उलटली, त्याला तो एका म्हाताऱ्याचा विचित्र प्रश्न वाटेल. पण पाद्री बापाला कळते की, मुलगा शेवटपर्यंत उजव्या हाताने झुंजला. कृपा ज्या हातावाटे यायची, तोच हात. "हे मासेमारीचे पुस्तक नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी या जागी थांबून विचार करावा.

पुस्तकात दुसरा एक धागा आहे, आणि शिक्षक म्हणून तो मला विशेष बोचतो. मदतीचा धागा. निवेदकाची सासू आणि बायको त्याला विनवतात की, नील या आपल्या उनाड भावाला मासेमारीला ने, त्याला सुधार. हा नील कॉफीच्या डब्यात गांडुळे घेऊन येतो, गावातली एक बाई सोबत आणतो, नदीत थंड करायला ठेवलेली बिअर दोघे मिळून पिऊन टाकतात आणि वाळूवर उघडेच झोपून भाजून निघतात. हा भाग खो-खो हसवणारा आहे. (घरात मोठ्याने वाचताना काही ओळी गाळाव्या लागतील, एवढी सूचना करून ठेवतो.) पण तो नुसता विनोदासाठी नाही. ज्याच्यावर जीव नाही त्या मेहुण्याला मदत करायला सगळे सांगतात आणि ती करता येत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्या भावाला मदत करायला कोणी सांगत नाही आणि तीही करता येत नाही. दोन्ही धागे शेजारी शेजारी विणले आहेत. बाप एकदा म्हणतो की, मदत म्हणजे आपल्यातला एक भाग दुसऱ्याला देणे, आणि नेमका हवा असलेला भाग बहुधा आपल्याजवळ नसतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, चित्र सुरेख काढणारी आणि दर परीक्षेला नापास होणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांना काय द्यावे हे बहुतेक वेळा आपल्याजवळ नसते.

आणि प्रत्यक्षात मदत कोण कोणाला करतो? शेवटच्या दिवशी पॉल पलीकडच्या काठाला भराभर मासे धरत आहे आणि थोरल्याच्या गळाला एकही लागत नाही. तेव्हा पॉल तो खवळलेला प्रवाह पोहून पार करतो, केवळ भावाला योग्य ती माशी देण्यासाठी! मासे पाण्यावरच्या माश्या खात नसून बुडालेल्या माश्या खात आहेत, हे त्याने ताडले आहे. कसे ताडले हेही तो सांगतो. दिसणाऱ्या एका गोष्टीवरून न दिसणाऱ्या दुसरीकडे कसे जायचे, ते. ज्याला वाचवायचे तोच येथे वाचवणारा झाला. मॅक्लेन यावर एक शब्दही भाष्य करत नाही. त्याच्या जागी आमच्यापैकी कोणी असता, तर येथे परिच्छेदभर तत्त्वज्ञान सांगितल्याशिवाय राहिला नसता.

या पुस्तकात सारेच निर्दोष आहे असे नाही. पॉलबरोबर तुरुंगाच्या कोठडीत सापडणारी शायेन जमातीची तरुणी कथेत येते आणि जाते. तिच्या केसांचे आणि चालण्याचे वर्णन आहे, तिच्या दुःखाला मात्र जागा नाही. नदीवर एवढी भक्ती असलेल्या लेखकाने, त्या नदीकाठी आपल्या आधी जे लोक नांदत होते त्यांच्यापैकी एकीला अशी ओझरती ठेवावी, हे खटकते. दुसरी गोष्ट आपल्या संस्कारांची. गळ टोचलेला जीव तडफडत असताना माणसाला कृपेचा साक्षात्कार होतो, हे शाकाहारी घरात वाढलेल्या वाचकाने कसे पचवावे? लेखक त्याची सफाई देत नाही. मासा मारताना त्याच्या डोक्यावर घातलेला घावही तो लपवत नाही. मी स्वतः मासे खाणारा आहे, तेव्हा तक्रार करायचा अधिकार माझा तोकडाच. पण ज्यांचा आहे त्यांना हा आक्षेप घ्यावासा वाटला, तर तो क्षुल्लक ठरवता येणार नाही.

१९९२ साली रॉबर्ट रेडफर्डने यावर चित्रपट काढला. लेखक त्याआधी दोन वर्षे वारला होता. चित्रपट डोळ्यांना इतका सुखावह आहे की, फिलिप रूसेलो या त्याच्या छायाचित्रकाराला ऑस्कर मिळाले. त्यानंतर अमेरिकेत माशीच्या मासेमारीची एकच लाट उसळली आणि माँटानातल्या नद्यांना गर्दी झाली. गमतीची गोष्ट अशी की, कथेतली बिग ब्लॅकफूट नदी खाणी आणि जंगलतोड यांनी इतकी खालावली होती की, चित्रण बरेचसे गॅलाटिनसारख्या दुसऱ्या नद्यांवर करावे लागले. चित्रपटाने केलेला आणखी एक बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तकातला निवेदक विवाहित, तिशीतला, कर्तव्याच्या ओझ्याखालचा आहे. चित्रपटात तो तरुण प्रेमिक होतो आणि बराचसा वेळ त्या प्रेमात जातो. त्यामुळे मदत करता न येण्याची टोचणी बोथट झाली. शिवाय पॉलची भूमिका करणारा ब्रॅड पिट हा नट आधीच इतका देखणा आहे की, त्याचे सौंदर्य काठी हातात येण्याची वाट पाहत नाही! पुस्तकात ते फक्त काठीतून येते.

हे सगळे वाचून आपल्या साहित्याकडे वळले की, एक उणीव जाणवते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतून माणसे प्रेम करतात, रडतात, भांडतात, वाटण्या करतात. काम करताना मात्र फारशी दिसत नाहीत. नायक कारकून असतो, पण त्याची खतावणी दिसत नाही. सुतार असतो, पण रंधा कसा धरतो ते कळत नाही. मी शिक्षकी पेशातला कादंबरीकार; माझ्या पुस्तकांवरही कोणी हाच आरोप ठेवला तर मला वकील लावावा लागेल. अपवाद आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'त मेंढरे, त्यांची दुखणी, धनगराची नजर हे सारे माहीतगाराचे आहे. म्हणूनच तो दुष्काळ आपल्याला पोळतो. परंतु अपवाद बोटांवर मोजण्याइतके. आपल्या कोकणातल्या खाडीवर रापण ओढणारे, जाळी विणणारे, अंधारात नुसत्या पाण्याच्या आवाजावरून मासळी ओळखणारे हात आहेत. त्यांच्या घरांतही एक थोरला आणि एक धाकटा असेल. ती गोष्ट लिहायला जाळ्याची गाठ कशी पडते हे माहीत असणारा लेखक हवा.

मॅक्लेनच्या शेवटच्या मासेमारीविषयी सांगायचे राहिले. बाप आता म्हातारा झाला आहे. तो काठावर ग्रीक भाषेतला नवा करार वाचत बसला आहे. आधी शब्द होता की आधी पाणी होते, यावर त्याचा आणि थोरल्या मुलाचा हलकासा वाद चालला आहे. समोर पॉल त्या दिवसाचा शेवटचा, सर्वांत मोठा मासा खेळवतो आहे. प्रवाहात पडतो, उठतो, पुन्हा पडतो, काठी मात्र वरच असते. मासा हाती येतो. बाप त्याचे कौतुक करतो. ओलाचिंब पॉल म्हणतो की, अजून तीन वर्षे हवीत, मग मला माशासारखा विचार करता येईल. तो कोणाजवळ काही मागणारा नव्हे. पण ही तीन वर्षे तो तेथे दोनदा मागतो, आणि त्या वेळी थोरल्याला त्याचे फक्त नवल वाटते.